माजं गर काडीच्या काटावर

उजवी शिफ्ट गणपतीतच गेली होती.
डावीवर निभावलं आठ महिने, करंगळी वाकडी करून,
वेंगुर्ल्यात, तहसीलसमोर, पत्र्याखाली,
जिथे खारं वारं आधी खिळे खातं,
मग बिजागऱ्या,
मग माझी अक्षरं.

डावी बसली त्याच दुपारी
दाजी कोचरेकर आले अर्ज करायला.
मी न बघताच टाईप केलं, छापलं, तिकीट चिकटवलं.
त्यांनी चष्मा धोतराला पुसला आणि मोठ्यानं वाचलं:
'महोदय, माजं गर काडीच्या काटावर.'
मग माझ्याकडे बघून,
'गो बाय, ह्या तू लिवलंस काय माझ्या नातवान?'

झाकणाचा झ गेला, घराचा घ गेला,
खाडीतलं पाणी गेलं, उरली काडी.
नारळाचा ळ तर कधीचाच पडला होता,
मला वाटत होतं, लोक समजून घेतात.

मग निघाले शोधायला.
सावंतवाडीत मिळाला तो पापडासारखा चपटा,
दाबलं की राहिलं, बोटाला पत्ता नाही.
कुडाळात भाच्यानं दाखवला तो निळा-जांभळा पेटायचा,
रात्री बंदरावरून होड्यांचे दिवे दिसावेत तसा.
देखणा होता.
पण वारसनोंदीला एवढी रोषणाई कशाला?
तिसरा पार्सलनं आला. मऊ.
भिजल्या पोह्यांत बोट रुतावं इतका मऊ,
चार दिवसांत मनगट कोपरापर्यंत ठणकायला लागलं.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हाताला आराम द्या.
मी म्हटलं, मार्च आहे.

फेलिक्स टेलरनं उशी शिवून दिली,
वीतभर लांब, आत भाताचा कोंडा.
'मशीनीवर माझाही हात असाच जायचा,' म्हणाला,
पैसे घेतले नाहीत, मुलाचं ॲफिडेव्हिट करून घेतलं.

देठाशी अंगठा टेकवून आंबा पारखतात
तशी मी दुकानादुकानात एकच शब्द टाईप करून बघायचे:
महोदय.
वायर कशालाच जोडलेली नसायची.
दुकानदार म्हणायचे, ताई, स्क्रीनवर काही येणार नाही हं.
मला माहीत होतं.
अधूनमधून वाटतं, कुठे गेले असतील
ते सगळे महोदय,
ज्यांना पुढे काहीच विनंती केली नाही.

तो सापडला मुबारककडे, भंगारात,
मठच्या रस्त्यावरची कॅनिंग फॅक्टरी मोडली तेव्हाचा.
वरवंट्याएवढा जड. पिवळट.
फटींत आमरसाचं वाळलेलं तांबूस,
दोन लाल मुंग्या, एक स्टेपलची पिन.
पालथा केला तर मार्करनं लिहिलेलं:
'प. र. धाकोरकर, डिस्पॅच. हलवू नये.'
मी तिथेच, वजनकाट्याशेजारी उकिडवी बसून
महोदय टाईप केलं.
प्रत्येक अक्षर खाली जाऊन
टक् करून परत आलं,
जसं हाक मारल्यावर कोणी आतून 'ओ' द्यावी.
एकशेवीस रुपये. मुबारक म्हणाला, लोखंडाच्या भावात देतो.

दाढीच्या ब्रशनं, स्पिरिटनं, काडीपेटीच्या काडीनं
दोन संध्याकाळी साफ केला.
कळलं, धाकोरकर आकड्यांचा माणूस होता:
शून्य पुसून गुळगुळीत झालेलं,
ळ मात्र कोरा करकरीत,
जणू फॅक्टरीत कधी फळ आलंच नाही.

दाजींचा अर्ज पुन्हा केला, फुकट.
माझं घर खाडीच्या काठावर.
ते वाचत नव्हते, कान देऊन ऐकत होते.
'आता बरां वाजता,' म्हणाले,
आणि घराचा प्रश्न आहे तिथेच आहे,
पुढची तारीख जूनची.

रोज निघताना मी त्यावर कोरडं फडकं टाकते,
खाली तांदळाची पुरचुंडी ठेवते, दमट ओढून घ्यायला.
हात आता दुखत नाही. म्हणजे, कमी दुखतो.
फक्त एंटरला डाव्या कोपऱ्यात एक खळगा आहे,
वर्षानुवर्षं एकाच बोटानं पाडलेला,
आणि माझं बोट
अजून त्याच्या किंचित उजवीकडे पडतं.