रिकाम्या गाडीचं वजन

सावद्याला केळीच्या मालाच्या रस्त्यावर
एकतीस वर्षं मी भुईकाट्यावर बसलो.
आधी रिकामी गाडी, मग भरलेली.
वजाबाकी म्हणजे माल.
एवढंच गणित मला येतं.

एकदा पहाटे, कुणी नसताना, स्वतःच उभा राहिलो.
शंभर.
काटा दहाच्या पटीत दाखवतो,
म्हटलं, पंच्याण्णवही असेल.
त्या पाच किलोंवर मी पुढची बारा वर्षं काढली.

रात्री चारदा उठायला लागलो
तेव्हा कोकिळा म्हणाली, दाखवून या ना आता.
म्हटलं, थंडी आहे.
वैशाखात म्हटलं, टरबूज जास्त झालं.

जळगावला डॉक्टर तडवींनी
भिंतीकडे तोंड करून कुशीवर झोपवलं.
बोटाने तपासत होते तेव्हा
मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो,
एकादशी, अमावास्या, बँकेला सुटी.
हातमोजा काढत त्यांनी विचारलं,
वडिलांना काय झालं होतं?

अप्पांना काय झालं होतं?
खालचं दुखणं, म्हणायचे घरात,
आणि दार लोटून घ्यायचे.

रक्ताचा आकडा आला तीन पूर्णांक आठ.
चारच्या आत. म्हटलं, सुटलो.
डॉक्टर म्हणाले, थांबा.
मोठ्या अंगात रक्तही जास्त,
आकडा त्यात पातळ होतो,
आहे त्याहून कमी दिसू शकतो.
आणि बोटाला काहीतरी कडक लागलंय.

दुसऱ्या कुणाला समजवावं लागलं असतं.
मी तर मागचं एक चाक फळीबाहेर ठेवून
गाडी उभी करणारे कितीतरी ड्रायव्हर
खिडकीतून ओरडून पुढे घ्यायला लावलेत.

मग मी सगळं कबूल करत गेलो, कुणी न विचारता:
पऱ्हाटीवर भाजलेली हिरवी वांगी,
बडगीत कुटलेली, वर तेलाचा ओघळ,
हिवाळ्यातल्या सतरा शेतांवरच्या सतरा पार्ट्या,
तुपात बुडालेली बट्टी,
शेवभाजीची बोटभर तर्री,
हिरामण फिरके वाढायचा, घे भो, घे,
नाही म्हटलेलं त्याला ऐकूच यायचं नाही,
आणि झोपताना म्हशीचं दूध, साय न काढता.

ते हसले. वांग्याने होत नाही, म्हणाले.
वयाने होतो, रक्तातून येतो.
वजनाचं इतकं की
झालाच, तर जाड माणसात तो
दांडगा निघण्याची भीती जास्त.
दुधाचं अजून पक्कं नाही.
टोमॅटोचं चांगलं बोलतात, तेही कदाचित.
मी म्हटलं, मग नेमकं कशाने?
म्हणाले, अशी पावती फाडता येत नाही.

'कदाचित' लिहिलेली पावती
मी एकतीस वर्षांत कुणाला दिली नव्हती.

तुकडे काढून पाठवलेत. नऊ दिवस लागतील.
कोकिळेने तेलाची बरणी वरच्या फळीवर ठेवली,
जिथे तिचाही हात पोचत नाही.
भरीत झालं काल, कोरडंसं, मिरचीचं,
वांगं पहिल्यांदाच वांग्यासारखं लागलं
असं मी म्हणालो नाही. तिला खरं वाटलं नसतं.

संध्याकाळी तिने पेटीतून माझा लग्नातला सदरा काढला,
छातीला लावून पाहिला.
दोन काठांमध्ये वीतभर मी.
माझं रिकामं वजन
त्या सदऱ्याखेरीज कुठेच नोंदलेलं नाही.

रात्री मिलिंदला फोन लावला, पुण्याला.
दार उघडंच ठेवलं. ओटीवर शेजारचे बसले होते, बसू दे.
ग्रंथीचं नाव घेतलं. बोट, भिंत, कॅलेंडर, सगळं सांगितलं.
अप्पांचंही सांगितलं, जेवढं दाराबाहेर ऐकू आलं होतं तेवढं.
तो बराच वेळ गप्प.
मग मी विचारलं, तुझं वजन किती आहे रे?

असेल नव्वदच्या आसपास, म्हणाला.

चाक फळीबाहेर राहिलं की
लोखंड जरासं कुरकुरतं.
मला ऐकू आलं.
म्हटलं, पुढे घे, बाळा,
अजून थोडी पुढे.