बर्फावरचा रस्ता

आमच्या बेटावर थंडीत समुद्र गोठतो
आणि सरकार त्यावरून रस्ता काढतं.
दोन्ही कडांना ज्युनिपरच्या फांद्या रोवलेल्या,
धुक्यात वाट चुकू नये म्हणून.
किनाऱ्यावर फाटक, फाटकाशी खोपटं,
खोपटात माझा बाप विल्लू, एक शेगडी, एक कंदील.
येईल त्याला तो तेच सांगे:
सावकाश जा. मध्ये थांबू नका.
पट्टा बांधू नका,
दार उघडायला हात मोकळा असू द्या.

त्या मार्चमध्ये एका दुपारी बर्फ करडा पडला.
बापाने पालथं पडून कान लावला,
उठला, फाटक ओढलं, पाटी अडकवली.
संध्याकाळी हार्दी आला, ट्रकभर मेंढ्या घेऊन.
"बंद आहे."
"काल तर गेलो होतो," हार्दी हसला,
"बर्फ काय तुझ्या कानात सांगतो?"
"हो," बाप म्हणाला.
हार्दी फाटकाला वळसा घालून खाली उतरला.

बाप मागे धावला. टोपी नाही, हातमोजे नाहीत,
घसरत, उठत, कंदील हलवत:
मागे फीर! हार्दी, मागे फीर!
त्यात शिवी नव्हती. धमकी नव्हती.
मी नऊ वर्षांची, दारात उभी,
मला आधी हसूच आलं,
एवढा मोठा माणूस रडत पळतोय म्हणून.

हार्दीला आरशात कंदील दिसला असणार.
कारण ट्रकचे मागचे दिवे लागले,
दोन लाल ठिपके, श्वासभर.
मग विझले.
मेंढ्यांचा आवाज मी सांगणार नाही.

गाव म्हणालं, तू सांगितलं होतंस, विल्लू,
तुझ्याकडे दोष नाही.
तीन रात्री तो कंदील घेऊन काठावर बसला.
आईने नेलेलं सूप वाडग्यात गोठलं.
"दोष नाही, ठाऊक आहे मला," तो म्हणाला,
"पण ते घेऊन मी काय करू?"

पुढे मी ताल्लिनला गेले.
तिथे देव नाकारावाही लागत नव्हता,
कुणी विचारतच नव्हतं.
एकोणीस वर्षं.
एका भल्या माणसाला फसवलं, बहिणीशी बोलणं टाकलं,
सगळं हार्दीच्याच हिशोबाने:
काल धरलं होतं, आज धरेल.

मग एका रात्री दवाखान्याबाहेर, गाडीत,
आवाज आला असं म्हणणार नाही.
आरशात बघावंसं वाटलं, इतकंच.
आरशात कुणी नव्हतं
आणि मला बापाचा चेहरा आठवला, ओला, बोडका.
परक्याच्या ट्रकमागे माणूस असा धावतो,
तर ज्याने आपल्याला घडवलं,
जो डोंगरावर उभा राहून एका शहरासाठी रडला,
त्याला मी आजवर फक्त रागीट समजत होते.
राग असता तर तो फाटकापाशीच थांबला असता.

मी पट्टा सोडला. बहिणीला फोन लावला.
तिने उचलला नाही.
दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला.

आता या बेटावर मी पाळक आहे.
आज उपासनेला सात जण.
तिसऱ्या बाकावर हार्दीची बहीण मीली,
जी म्हणते, मी फक्त उबेसाठी येते.
पश्चात्तापावर मला एवढंच बोलता येतं:
छाती बडवून घेऊ नका, त्याने गाडी वळत नाही.
चाक फिरवा. अर्ध्या वाटेवर असाल तर तिथूनच.
तो मागे धावतोय, त्याला धाप लागली आहे.
बर्फ किती वेळ धरेल
हे मला कुणी सांगितलेलं नाही.

उपासना संपल्यावर मीली रेंगाळते,
कोटाची बटणं लावते, पुन्हा काढते.
दर रविवारी तोच प्रश्न:
"त्याने ब्रेक दाबला होता ना?"
दाबला होता, मीली.
मी पाहिलंय.