जिन्याखालचं कपाट

नकाशात इथे अजून शेतच आहे.
फोनमधली बाई ठासून सांगते, "पुढे रस्ता नाही,"
आणि मी तर उभा रस्त्यावर, ताज्या डांबरावर,
मलिंगरच्या थोडं बाहेर, कर्ल्यू मेडो, घर एकेचाळीस.
कर्ल्यू म्हणजे पक्षी. लांब चोचीचा, ओल्या गवतातला.
गवत काढलं, घरं बांधली,
आणि पक्ष्याचं नाव पाटीवर ठेवलं.
असो. पक्ष्यांचे पैसे मला मिळत नाहीत.

दार उघडतात डिम्प्ना किओ. वय सत्त्याहत्तर. अंगात कोट.
"बाहेर निघालात?"
"नाही रे. चारला फोन यायचाय."

मुलगा कॅलगरीला. तिथे त्याची सकाळची कॉफी.
स्वयंपाकघरात त्याचं तोंड उघडतं ते उघडंच राहतं,
टीव्हीसमोर त्याचे चौकोन चौकोन होतात,
दाराबाहेर पायरीवर, मोबाइलच्या टॉवरच्या कृपेनं,
तो पूर्ण मुलगा असतो.
म्हणून कोट.

राउटर कुठे? विचारायलाच नको.
जिन्याखालच्या कपाटात, इस्त्रीच्या टेबलामागे.
बिल्डरनं फायबर तिथवर आणली आणि सोडून दिली,
नकोशी मांजर पोत्यात घालून लांब सोडून यावी तशी.
दिवे हिरवे. सगळे हिरवे.
त्याची स्वतःची काहीच तक्रार नाही.

मी भिंतीवर बोटानं टकटक करतो.
प्लास्टरबोर्डच्या पाठीला चंदेरी पन्नी,
पन्नीमागे फोम, फोममागे परत पन्नी,
काचेवरसुद्धा धातूचा न दिसणारा लेप.
"घर उबदार आहे हं," त्या म्हणतात,
"जुन्या घरात मी हातमोजे घालून चहा प्यायचे."
खरंय.
ऊब अडवायला बांधलेली भिंत
कोण येतंय, कोण जातंय, हे बघत बसत नाही.

टीव्हीमागे एक कोरी प्लेट, दोन स्क्रू.
काढली तर आत निळी केबल, वेटोळं घालून झोपलेली.
तशीच दुसरी स्वयंपाकघरात, फ्रिजच्या वर.
दोन वर्षं भिंतीत होत्या, कुणी जोडल्याच नाहीत.
डब्यात आतल्या बाजूला कुणा इलेक्ट्रिशियननं
पेन्सिलीनं लिहिलंय: उद्या.

पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा,
पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.
माझे ओठ हलतात.
आई जपमाळ ओढताना असेच हलायचे,
तिचंही लक्ष दुसरीकडेच असायचं.
क्लिप दाबली. कट्.
एक छोटा डबा फ्रिजवर, ब्रेडच्या टोपलीशेजारी.

चार वाजले.
मुलगा आला, अख्खा, कानांसकट.
त्या चष्मा पुसून बघतात.
"डेक्लन, तुझं टक्कल पडलंय!
मला वाटायचं, ते सिग्नलमुळे."

मी व्हॅनमध्ये शिडी चढवतो. फॉर्म भरतो.
अडचण दूर झाली का: हो.
सही घ्यायला वळतो तर
बाई पायरीवर. कोट घातलेला. फोन हातात, स्क्रीन काळी.

समोर अडतीस नंबरची इफेओमा, कडेवर बाळ,
फोन खिडकीच्या कट्ट्यावर टेकवून बहिणीशी बोलतेय.
कोपऱ्यावर रिमांटस, हात उंच धरून,
हरवलेल्या गाईला हाक मारत हिंडावं तसा
गोल गोल फिरत लिथुआनियाशी भांडतोय.
दोन वर्षांत ही माणसं एकमेकांना भेटली
ती अशीच, रेंज शोधताना,
कुणाच्या घरी चहाला जाऊन नव्हे.

"झालं का दुरुस्त?" इफेओमा विचारते.
डिम्प्ना माझ्याकडे बघत नाहीत.
"छे गं. अजून मधूनमधून जातंच."

मी गप्प. सही घेतली.
इफेओमा रस्ता ओलांडून आली,
म्हणाली, आमच्याकडेही बघाल का, पुढच्या आठवड्यात?

मी नंबर दिला.
गल्ली संपेपर्यंत
मला जरा वाईट वाटत राहिलं.