भोकं जुळली तर

"मॉडेल कुठलं?" नबीलालनं विचारलं,
चहाची बशी न सोडता.
"दोन हजार नऊ. ड्रायव्हरची सीट.
स्प्रिंग वर आलीय, कमरेत टोचते."

अक्कलकोट रोडला पत्र्याआड
सीटा रचलेल्या, एकीवर एक.
रेक्झिन इतकं तापलेलं
की हात लावला नि मागं घेतला.

घरून दोऱ्यानं माप आणलेलं,
रुळाच्या या भोकापासून त्या भोकापर्यंत, दोन गाठी.
शाळांचे गणवेश शिवते मी,
अंदाजावर माझा विश्वास नाही.
पहिली अर्धा इंच कमी. दुसरीचा रूळ गंजलेला.
तिसरीला गाठी बरोबर बसल्या.

"ॲक्सिडेंटची आहे का?"
आता त्यानं बशी खाली ठेवली.
"मागनं ठोकलेली, ताई. पुढं काय न्हाई झालं."
मग बोल्ट शोधता शोधता, न विचारताच,
"चालवणारा बरा हाय."

बाराशे म्हणाला, नऊशेला दिली.

बसून बघितलं तर पाय क्लचला पोचेना.
कोण होता एवढा उंच?
खटका ओढला, रूळ करकरला,
फटीतून पडलं काय काय :
बडीशेपेचे दाणे, रुपयाचं नाणं,
एक इवलीशी हिरवी क्लिप.

नाणं नबीलालला दिलं.
क्लिपबद्दल मी विचारलं नाही.

उरल्या चॉकलेटी कापडाचं कव्हर शिवलं, दुहेरी टीप घालून.
तरी खोलगा बुजला नाही,
माझ्याहून रुंद माणसाचा.
होटगी नाक्याला वळताना मी त्यात जराशी घसरते.

मागे साठ फ्रॉक, पहिलीच्या मापाचे.
हळू चालवते.