ढगाची शेपटी

एकतीस वर्षं मी फुग्यांत अक्षरं भरते.
चेहरे शाणू तारीचे, गोष्ट शाणूची,
बोलणं तेवढं माझ्या हातचं.
म्हापशात, दातांच्या दवाखान्याच्या वरच्या खोलीत,
खालून ड्रिलचा आवाज, वर माझा टाक.

'मानशीवरचे चौघे'.
खुशाली, जुझे, नीलू आणि खेकडे पकडणारा पांडुलो.
एकतीस वर्षं बारा वर्षांचे.
त्यांनी देवळातली चोरलेली समई शोधली,
खाजनाचा बांध रात्री फोडणाऱ्याला
चिखलात कमरेपर्यंत रुतवून पकडलं.
पहिल्या अंकाच्या वाचकांना आता टक्कल पडलंय
आणि पांडुलोच्या गुडघ्यावरची खपली
अजून ओलीच.

गेल्या चतुर्थीनंतर शाणू म्हणाला, पंधरांचे करतो त्यांना.
कर म्हटलं. मिसरुडाला शाई ती किती लागणार.
मग दिवाडीच्या फेरीबोटीतून एक नवा मुलगा उतरला,
ऑर्विल. व्हायोलिनची पेटी डोक्यावर, पाऊस नसताना.
आणि पान सात, चौकट तीन,
शाणूच्या किरट्या पेन्सिलीत:
"मला ऑर्विल आवडतो. तसा."

केणीबाई वर आल्या. संपादकांचे गुडघे दुखतात,
सहसा त्या आम्हालाच खाली बोलावतात.
"मुलांचं मासिक आहे, शाणू."
"मुलांचंच आहे."
"पेडण्याच्या शाळेत चाळीस अंक जातात."
शाणू खोडरबर शोधत राहिला. ते त्याच्या हातातच होतं.
"मग निदान ढगात टाक," बाई म्हणाल्या,
"मनातल्या मनात म्हणू दे."

बोलण्याला शेपटी असते, तोंडाकडे वळलेली.
विचाराला तीन बुडबुडे, लहान होत जाणारे.
चौघांत सगळ्यात जास्त ढग मी पांडुलोलाच दिलेत,
हे त्या दुपारी, जुने अंक काढून बसले तेव्हा कळलं.
एक ढग तर रिकामाच.
शहाण्णवचा दिवाळी अंक, जुझे पाण्यात उडी मारतोय
आणि काठावर पांडुलो.
शाणूनं समासात लिहिलं होतं: इथं काही नको.
मला वाटलं, मजकूर सुचला नसेल.

त्या अंकाची आमच्याकडे प्रतच नव्हती.
शुक्रवारच्या बाजारात हरमलच्या मिरच्यांखाली सापडली,
बाईनं दहा रुपये घेतले, मिरच्यांसकट.
रिकाम्या ढगात कुणीतरी पेन्सिलीनं काही लिहिलेलं,
मग खोडलेलं,
मग इतकं खोडलेलं की कागदच गेला.
भोकातून पुढच्या पानावरची
खेकड्याची नांगी दिसते.

ती प्रत मी केणीबाईंच्या टेबलावर ठेवली.
बोलले काही नाही. मला फुग्याबाहेर बोलायची सवय नाही.
बाईंनी भोकावर बोट ठेवलं, उचललं,
चष्मा पुसला, आणि म्हणाल्या, शब्द तरी बरा आहे का हा?

शब्दाचंच तर सगळं होतं.
पाठ्यपुस्तकातला घालावा तर फुग्यात मावत नाही,
आणि खेकडे धरता धरता तसं कोण बोलतं?
गल्लीतले आहेत पुष्कळ,
सगळे आधी फेकून मारलेले,
उचलले तरी हाताला लागतात.
उरलं 'तसा'. दोन अक्षरं.
आई विचारते, आवडते म्हणजे? तशी?
आणि मुलगा मान खाली घालून हसतो,
तेच, घरातलं, कुणाचंही.

त्याआधीचा पूर्णविराम मी तीनदा काढला.
फुगा मोठा केला, तर ओरडल्यासारखं वाटे,
लहान केला, तर चोरी केल्यासारखं.
शेवटी खुशालीच्या "मीठ आणलंस का?" एवढाच ठेवला,
त्याच टाकानं, त्याच जाडीत,
आणि शेपटी पांडुलोच्या ओठांपर्यंत नेली.

चौकट चारमध्ये शाणूनं
खुशालीला काय म्हणायला लावावं?
मला वाटलं होतं, भाषण असेल. पानभर.
"ठाऊक आहे," ती म्हणते,
"जाळं धर नीट. मोठा सुटला बघ."

पेडण्याचे चाळीस परत आले.
गठ्ठ्याची सुतळी तशीच होती.
मोजले, एकोणचाळीस भरले.