भाकरीच्या ओळीपर्यंत

जानेवारीत सासूबाई ग्युम्रीच्या बर्फावर घसरल्या.
तेव्हापासून तोनीरवर मी एकटी,
जमिनीत पुरलेल्या आगीच्या रांजणात
कमरेपासून वाकलेली.
पहिल्या चार लवाश करपल्या,
पाचवी निसटून थेट निखाऱ्यात.

आतल्या खाटेवरून आवाज आला,
"घड्याळ कसलं बघतेस?
भिंतीला थापलीस की प्रभूची प्रार्थना म्हणायला लाग.
भाकरीच्या ओळीला काढ."

म्हणू लागले. माप म्हणून.
श्रद्धा नव्हती, हातात लोखंडी आकडा होता.
ह्राच तीन वर्षं ओम्स्कला, सिमेंट कालवतोय;
वर्षभरात फोन नाही.
देवाशीही मी अबोला धरलेला.

दिवसाला साठ लवाश.
साठ वेळा तीच प्रार्थना,
भाकरीपाशी तोडलेली.

मार्चमध्ये एकदा
लवाश काढली, फळीवर टाकली,
कणकेचे फोड फुटून वाफ निघाली,
आणि ओठ थांबलेच नाहीत,
गेले पुढच्या ओळीवर:
क्षमा माग,
आणि जशी तूही कुणाला केलीस...

तिथं अडखळले.
ओम्स्कचा नंबर आठवला, शेवटच्या दोन आकड्यांसकट.
उशीवर ताणलेली कणीक सुकू लागली.

"गप्प का गं?" सासूबाई आतून. "जळली?"

"नाही," म्हटलं,
"अजून भाजतेय."