एकशे बारा पाइन

ओउलूत डिसेंबरात दुपारी दोनलाच अंधारतं.
ईलिसने डिस्क आत सरकवली तेव्हा
खिडकीबाहेर थोडं निळं उरलं होतं;
आता पट्टी एकतीस टक्क्यांवर आहे
आणि बाहेर काहीच नाही.

"खेळ विकत आणलाय ना? मग हा काय करत बसलाय?"
"बिऱ्हाड हलवतोय," बाबा म्हणतात,
शब्दकोड्यातून मान न उचलता.
"डिस्कमधून आतल्या ड्राइव्हवर. डोंगर, भांडीकुंडी, शत्रू,
शत्रूंचे बूट. सगळं."

"आई म्हणते, तुमचे खेळ लगेच सुरू व्हायचे."

इथे बाबांनी मान उचलली.

मला आठवतात स्वयंपाकघरातल्या टेबलावरचे
आलेखाचे कागद, त्यांवर पेन्सिलीने
गोलात गोल, गोलात गोल.
आई त्यांवर कॉफीचा कप टेकवायची
आणि एक गोल फुकटात वाढायचा.
बाबांच्या कामाला धड नाव नव्हतं.
ऑफिसात म्हणत, इल्पो सामान लावतो.

डिस्क फिरते, भिंग तिच्याखाली धावतं.
या टोकाहून त्या टोकाला जायला त्याला लागायचा
सेकंदाचा पाचवा-सहावा हिस्सा.
"म्हणजे काहीच नाही!"
"एका हेलपाट्याला काहीच नाही.
पण दगड इथे, पाणी तिथे, आभाळ तिसरीकडेच
आणि तू घोड्यावर, भरधाव.
विसाव्या हेलपाट्याला घोडा थांबतो,
चारही पाय हवेत."

म्हणून बाबांनी एकच पाइन
डिस्कवर एकशे बारा जागी लावला.
गावाच्या आकड्यांशेजारी एक, नदीच्या शेजारी एक,
गुहेच्या तोंडाशी तर तीन.
भिंगाला लांब जायला नको.
तोच बुंधा, तीच डावीकडची मोडकी फांदी.
कुणाला कळलं नाही.
कळू नये, हेच तर काम.

तरी पुरलं नाही, तेव्हा लिफ्ट.
बंद दार, एक दिवा, खालून गुरगुर, चाळीस सेकंद.
"तेवढ्यात मी पलीकडचं शहर उभं करायचो.
लोक म्हणायचे, काय उंच इमारत आहे!"

एकोणसाठ.

पुढे जंगलं वाढली. चेहऱ्यांवरची लवसुद्धा दिसायला लागली.
भिंग बिचारं तेवढंच धावत राहिलं.
शेवटी ठरलं, सगळं आधीच आत नेऊन ठेवा;
तिथे पाइन एकदा ठेवला की झालं.
डिस्क उरली किल्लीपुरती.
बाबांना एक डिस्क चौकटीत बसवून मिळाली
आणि शिल्लक रजा संपवायला सांगण्यात आलं.

"आम्ही वाट बघणं चिमूटचिमूट वाटायचो," ते म्हणतात,
"हे लोक दारातच पोतंभर मोजून घेतात."
मग उठून कचऱ्याची पिशवी बांधतात.
एकाहत्तर.

आमच्या इमारतीची लिफ्ट जुनी, चौथ्या मजल्यावरून
उतरायला कुरकुरते. दिवा एकच.
ईलिस कुजबुजतो,
"आजोबा, बाहेर काय लोड होतंय?"
बाबा हसत नाहीत. दाराला कान लावतात,
बराच वेळ.

दार उघडतं. बर्फ, सायकलींचा सांगाडा,
कचऱ्याचे डबे, आणि त्यांच्यामागे तो,
डावीकडची फांदी मोडलेला.
मी बेचाळीस वर्षं याच्यासमोरून जाते आहे.

ईलिस तोंड उघडं टाकून उभा.
बाबांनी पिशवी डब्यात टाकली, हात झटकले.
"चल," म्हणाले, "ऐंशी झाले असतील."